दसऱ्याची सुट्टी ते भाऊबीज : बेळगावकडच्या घरात मुलांचा महिना कसा लावावा

एका ताईंचा प्रश्न आहे. राहायला बेळगावात, नवरा-बायको दोघंही कामाला जातात, मुलगा ९ वर्षांचा, मराठी माध्यमात चौथीला, मुलगी ४ वर्षांची, घरी सासूबाई. दसऱ्याची सुट्टी लागली की दोन्ही पोरं मोबाइलला चिकटतात. दिवाळी आली की किल्ला, फराळ, खरेदी आणि शाळा असं सगळं एकदम अंगावर येतं, आणि नेमकं त्याच दिवसांत कुणीतरी तापानं फणफणतं. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचा महिना नीट कसा लावायचा, असं त्या विचारतात.

ताई, आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपली मुलं मराठीत शिकत असली तरी शाळेचं वेळापत्रक कर्नाटकाचं आहे. सहामाही परीक्षा आटोपते आणि मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, बहुतेक वर्षी १७-१८ दिवसांची. दिवाळीला मिळतात जेमतेम दोन-तीन दिवस. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडच्या मामा-आत्याच्या घरी बरोबर उलटं असतं. तिकडे दसऱ्याला एखादा दिवस आणि दिवाळीला पंधरवडा. त्यामुळे टीव्हीवर, मासिकांत, नातेवाइकांच्या बोलण्यात 'दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हे द्या, ते करायला लावा' असं जे येतं, ते आपल्या घराला लागू पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत बसलात की ती येते आणि आंघोळ, फराळ, भाऊबीज यात संपतेही. म्हणून दिवाळीचं जेवढं काम मुलांच्या हातून व्हावं असं वाटतं, ते दसऱ्याच्या सुट्टीत सुरू करा. दसरा ते लक्ष्मीपूजन या २० दिवसांत ते पिकू द्या. तुमच्या मोबाइलच्या तक्रारीवरही याहून चांगला उपाय नाही, कारण हाताला चिखल लागलेला असला की फोन हातात घेता येत नाही.

आता दिवसाची मांडणी. सुट्टी म्हणून रोज वेगळ्या वेळी उठणं, वेगळ्या वेळी जेवणं चालू झालं की चौथ्या दिवसापासून चिडचिड सुरू होते. तासातासाचं वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवू नका, ते तीन दिवसांत गळतं. दोन खुंट्या पक्क्या ठोका. उठण्याची वेळ शाळेच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त पुढे जाऊ द्यायची नाही आणि दुपारचं जेवण रोज एकाच वेळी. मधला वेळ सैल चालेल. या महिन्यात एक बदल आपोआप होतो, तो वापरून घ्या. सप्टेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सव्वासहानंतर मावळतो, नोव्हेंबर लागला की सहालाच. मुलांना अंधारात खेळू नका म्हणून रोज ओरडण्यापेक्षा दिवेलागणीची आरती किंवा शुभंकरोती हीच घरात यायची खूण ठेवा. अंधार लवकर पडेल तशी तीही लवकर होईल आणि जेवण, झोप आपसूक अलीकडे सरकेल.

नवरात्रात झोपेचा हिशेब सगळ्यात आधी बिघडतो. पहाटे दुर्गामाता दौड आणि रात्री आरती, दांडिया. मोठ्याला दौडीला जावंसं वाटणारच. पांढरे कपडे, डोक्याला फेटा, गल्लीतली सगळी पोरं बरोबर, रांगोळ्या घातलेल्या रस्त्यावरून पळायचं. जाऊ द्या. पण ६ ते १२ वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. पहाटे पाचला उठवायचं असेल तर रात्री आठला तो अंथरुणात हवा, म्हणजे त्या रात्रीचा दांडिया नाही. दोन्ही हट्ट पुरवले की सहाव्या-सातव्या माळेला सर्दी आणि रडारड ठरलेली. घटस्थापना ते दसरा यातले तीन दिवस मुलाला स्वतःला निवडू द्या. पहिला दिवस, आपल्या भागातून दौड जाते तो दिवस आणि दसरा, असं बहुतेक मुलं निवडतात. स्वतः निवडलं की बाकीच्या दिवसांवर भांडण होत नाही. निघताना अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि पाणी द्या, अगदी रिकाम्या पोटी पळलेल्या मुलाला चक्कर येते. धाकटीला १० ते १३ तास लागतात, त्यात दुपारची झोप धरून. तिला दौड दाखवायची तर आपल्या दारात उभं राहूनच दाखवा.

घट बसवण्याच्या कामात मुलांना सुरुवातीपासून घ्या. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती चाळून दोन बोटं जाडीची पसरायची. घरच्या रिवाजाप्रमाणे सात किंवा नऊ धान्यं. गहू, ज्वारी आणि भात आदल्या रात्री भिजत घाला, मूग आणि मोहरीला गरज नाही. पेरून वर चाळलेल्या मातीचा पातळ थर. मधोमध मातीचा घट. तो मातीचाच का, हे नऊ वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखं आहे. न रंगवलेल्या मडक्यातून पाणी पाझरतं आणि भोवतीची माती आतून ओली राहते. तांब्या-स्टीलचा घट ठेवला तर हे होत नाही आणि मग वरून पाणी ओतलं जातं. पाणी साचलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी बुरशी धरते, कुबट वास येतो आणि पेर कुजते. धाकटीचं काम रोज सकाळ-संध्याकाळ बोटं बुडवून पाणी शिंपडण्याचं. तिला तांब्या हातात देऊ नका, वाटी द्या. मोठ्याला एक वही द्या. तिसऱ्या दिवसापासून एकाच अंकुराची उंची पट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये लिहायची. देवघराच्या अंधारात अंकुर पिवळे, उंच आणि लेचेपेचे येतात. तीच धान्यं एका करवंटीत पेरून खिडकीत ठेवायला सांगा. तिथले बुटके, हिरवे आणि ताठ येतील. उजेडाशिवाय हिरवा रंग तयार होत नाही आणि रोप उजेड शोधत उंच पळतं, हे त्याला पुस्तकातून चार वेळा वाचून कळणार नाही, ते नऊ दिवसांत डोळ्यांनी दिसतं. दसऱ्याला हेच अंकुर टोपीत खोवायचे असतात, त्यामुळे राखणही मन लावून होते.

मुलींचा हादगा तुमच्या गल्लीत अजून होत असेल तर धाकटीला सासूबाईंबरोबर जरूर पाठवा. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे २७ सप्टेंबरच्या सुमारास तो सुरू होतो. चार वर्षांच्या मुलीला फेर धरणं, ओळीमागून ओळ म्हणणं आणि खिरापत ओळखणं यातून जेवढी भाषा मिळते तेवढी कुठल्याच ॲपमधून मिळत नाही.

आता किल्ला. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात आणि सगळ्यात जास्त आनंदही इथेच आहे.

सुरुवात बघण्यापासून करा. सुट्टीतल्या एका रविवारी सकाळी मुलाला येळ्ळूरच्या राजहंसगडावर न्या. बेळगावातून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. बरोबर वही-पेन्सिल. तट कुठून कुठं वळतो, बुरूज गोल का, दरवाजा लांबून का दिसत नाही, सिद्धेश्वराचं देऊळ कुठं, याची साधी खूण-चित्रं त्याच्या हातानं काढून घ्या. फोटो काढू नका असं म्हणत नाही, पण फोटो काढला की मूल बघायचं थांबतं. या चित्रावरूनच किल्ला करायचा. बाजारातले तयार प्लास्टरचे बुरूज आणून मांडले की दोन तासांत काम संपतं आणि पोरगं पुन्हा मोबाइलकडे.

माप चार फूट बाय तीन फूट, उंची दीड ते दोन फूट पुरे. परड्यात जागा असेल तर उत्तम, गच्चीवर असेल तर खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. एवढा किल्ला भरीव केला तर तीन-चारशे किलो माती लागेल आणि गच्चीवर तेवढं वजन एका जागी नको. आतून पोकळ केला तर पाच-सहा घमेली मातीत होतो. सांगाड्याला विटा, दगड, एखादी फुटकी बादली पालथी घाला. पुठ्ठ्याची खोकी वापरू नका. परतीचा पाऊस एका संध्याकाळी येतो, खोकं भिजून बसतं आणि त्याच्यावरचा बालेकिल्लाही बसतो.

सांगाड्यावर गोणपाट टाकायचं. पोतं तागाचंच हवं. प्लॅस्टिकच्या पोत्याला चिखल धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. गोणपाटाचे दोन-दोन फुटांचे तुकडे करून चिखलात बुडवायचे, चिखल अंबोळीच्या पिठाइतका सैल, आणि ओलेच सांगाड्यावर चढवायचे. हातानं दाबून दऱ्या, घळी, माची इथंच पाडून घ्या, नंतर पाडता येत नाहीत. हे दोन दिवस वाळू द्या. मग दुसरा थर. तीन घमेली तांबडी माती, एक घमेलं चाळलेलं शेण आणि बारीक कातरलेलं भाताचं पिंजर दोन-तीन मुठी. पिंजर मातीला धरून ठेवतं, तेच नसेल तर भेगा जातात. बेळगाव-खानापूरच्या बाजूला तांबडी माती सहज मिळते. बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी, ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून काळ्या मातीचा किल्ला तिसऱ्या दिवशी उकलतो. तिकडच्या मंडळींनी निम्मी बारीक वाळू किंवा मुरूम मिसळावा. तरीही भेग पडली तर ओली असताना बुजवू नका. पूर्ण वाळू द्या, पाणी शिंपडा आणि पातळ चिखलानं भरा.

बुरजांना कुंभाराची माती लागते, दोन-तीन किलो पुरते. खानापूरची माती आणि तिथलं कुंभारकाम नावाजलेलं आहे, बाजाराला येणाऱ्या कुंभाराला सांगितलं तर मळलेला गोळा मिळतो. रिकाम्या डब्यावर बोटभर जाडीचा थर देऊन बुरूज करायचा आणि सावलीत चार दिवस वाळवायचा. उन्हात ठेवला की बाहेरून आकसतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. याच मातीच्या पणत्या मुलांना करू द्या, पण त्या किल्ल्यावर शोभेला. न भाजलेली पणती तेल पिते आणि पाणी लागलं की विरघळते. तेवत ठेवायच्या पणत्या भाजलेल्याच घ्या.

पेरणी वसुबारसेच्या सात दिवस आधी. मोहरी दोन-तीन दिवसांत वर येते, हळीव तितक्याच वेळात, नाचणी एक-दोन दिवस उशिरा पण दिसायला खरं गवत. हळीव भिजवू नका, त्याला बुळबुळीत साय सुटते आणि बियांचे गोळे होतात. कोरडाच भुरभुरा. उभ्या कड्यावर बी टिकत नाही, म्हणून उतारावर बोटानं आडव्या चऱ्या काढा आणि त्यात पेरा. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं किंवा गोणपाट झाकून ठेवा, नाहीतर मुंग्या आणि चिमण्या नाचणी वेचून नेतात. मग पाणी. घरोघरी चुकतं ते इथं. कौतुकानं तांब्यानं पाणी घालतात आणि सगळं बी वाहून पायथ्याशी एका ओळीत उगवतं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला मोठ्या माणसानं तापल्या सुईनं आठ-दहा भोकं पाडून द्यावीत आणि ती बाटली धाकटीच्या हातात द्यावी. सकाळी एक, संध्याकाळी एक. हे काम तिचंच, दादानं त्यात हात घालायचा नाही, असं आधीच ठरवा. रात्री पावसाची चिन्हं असली तर चार काठ्या रोवून वर प्लॅस्टिक ताणा, पण ते गवताला टेकू देऊ नका. टेकलं की आत घाम धरतो आणि कोंब कुजतात.

वेळेची वाटणी अशी बसते. घटस्थापना ते दसरा बघणं, चित्र काढणं, विटा-माती-गोणपाट गोळा करणं. दसऱ्यानंतर शाळा सुरू होईपर्यंत सांगाडा आणि दोन्ही थर. शाळा सुरू झाल्यावर शनिवार-रविवारी तट, बुरूज, पायऱ्या, गेरू-चुन्याचा हात. रोजचं काम फक्त दहा मिनिटांचं पाणी. एखाद्या वर्षी सुट्टी आधी लागून दसऱ्याबरोबर संपते, तेव्हा सांगाडा नवरात्रातच उभा करा. दिवाळीच्या दोन दिवसांत मावळे मांडायचे आणि बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायची, एवढंच उरतं. ती माहिती मुलानं स्वतः, चार वाक्यांत, न वाचता सांगावी. गडावर काढलेली चित्रं इथं कामाला येतात.

मोबाइलबद्दल आता वेगळं थोडंच सांगायचं राहतं. तुमच्याकडे खरी अडचण दुपारी दीड ते चारची असणार, सासूबाई आडव्या होतात ती वेळ. सकाळी उठल्याबरोबर फोन दिला की दिवसभर मागणी राहते, म्हणून सकाळी नाही. २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे, त्यात टीव्हीही आला. धाकटीचा तास चार वाजल्यानंतर, आजी शेजारी असताना. दुपारी धाकटी झोपते तेव्हा मोठ्यानं सावलीत मातीकाम किंवा सुट्टीचा अभ्यास करायचा. ऑक्टोबरचं ऊन बाराच्या पुढे चांगलंच लागतं, त्या वेळेत गच्चीवर नको.

सुट्टीचा अभ्यास पहिल्या दोन दिवसांत उरकून टाकू देऊ नका आणि शेवटच्या दोन दिवसांवरही ठेवू नका. एकूण पानं मोजा, सुट्टीतून घटस्थापना, अष्टमी, खंडेनवमी, दसरा आणि परगावचे दिवस वजा करा, उरलेल्या दिवसांत वाटा. रोज अर्धा-पाऊण तास होतो. त्यातली १५ मिनिटं कन्नडला. मराठी माध्यमातल्या मुलांचं कन्नड मागं पडतं ते घरात कुणी वाचत नाही म्हणून, आणि पुढच्या इयत्तांत ते जड जातं. त्याला पुस्तकापेक्षा रस्ता बरा. खडेबाजारातून, गणपत गल्लीतून जाताना रोज पाच पाट्या वाचायच्या. बऱ्याच पाट्यांवर कन्नडबरोबर दुसरी लिपी असते, त्यामुळे बरोबर की चूक हे तिथंच कळतं. बसवरच्या कन्नड पाट्या हा त्याच्या पुढचा टप्पा. भाजी घेताना 'एष्टु?' (किती?) असं त्यानंच विचारायचं आणि ओंदु, एरडु, मूरु करत पैसे मोजायचे. नवरात्रात रताळी उपवासाला लागतातच आणि आपल्या तालुक्याच्या पश्चिम भागातली ताजी रताळी याच दिवसांत बाजारात येतात. अडीच किलोचे किती, शंभर दिले तर परत किती, हा गणिताचा तासही तिथंच होतो.

ज्यांचं शेत आहे त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण सोयाबीनची सुगी नेमकी या सुट्टीत येते आणि मुलं शेतावर जातात. मळणी मशीन चालू असताना मुलांना १५ फुटांच्या आत येऊ देऊ नका. ओढणी, सैल शर्ट, फेट्याचं टोक पट्ट्यात सापडतं. बांधावरच्या गवतात चप्पल घालून नाही, बंद बूट घालूनच. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. पाय हलू न देता सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं.

तापाकडे येतो. या महिन्यात दिवस तापतो आणि पहाट गार होते, त्यात झोप कमी आणि गर्दी जास्त, म्हणून सर्दी-ताप येतो. तो बहुधा तीन-चार दिवसांत जातो. डेंग्यूचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडे बऱ्याच गल्ल्यांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पिंप, टाकी, कळशा भरून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतून काथ्यानं घासायचं. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. हा डास दिवसा चावतो. दुपारी झोपलेल्या धाकटीला मच्छरदाणी लावा, फक्त रात्री लावून उपयोग नाही. किल्ल्यासाठी गोळा केलेल्या करवंट्या, डबे, फुटकी बादली पालथी ठेवा, हेही विसरू नका.

ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, वयावर नाही. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. तुमची मुलगी १६ किलोची असेल तर २०० मिलिग्रॅमचा डोस बसतो. आता बाटली वाचा. एका बाटलीत ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम असतं, दुसरीत १२५ किंवा १२०. पहिलीतून ४ मिली, १२५ वालीतून ८ मिली. मागच्या वेळची बाटली संपली आणि दुकानातून दुसरी आणली की घरात याच ठिकाणी चूक होते, कधी दुप्पट, कधी निम्मं. घरातल्या चमच्यानं देऊ नका, बाटलीबरोबरचं माप वापरा. २५० वाल्या बाटलीवर पेननं 'धाकटी ४ मिली' असं लिहून ठेवलं की सासूबाईंनाही सोपं. हा आकडा एकदा तुमच्या डॉक्टरांकडून पक्का करून घ्या. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन चालत नाही, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलीला खोकल्याचं औषध स्वतःच्या मनानं आणू नका.

पाणी, पेज, ताक, जलसंजीवनी सतत घोट-घोट. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चव बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. आणि हे नीट लक्षात ठेवा, डेंग्यूत धोका ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होतं आणि त्याच वेळी पोट दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, सहा तासांत लघवी नाही, मूल मलूल, असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

फराळात मुलांना काय द्यायचं? चकलीची, करंजीची कढई त्यांच्यासाठी नाही. सोऱ्या फिरवायला द्या, पण कागदावर, चुलीपासून लांब. त्यांच्या हक्काचा पदार्थ म्हणजे आपला चिरमुऱ्यांचा चिवडा. अर्धा किलो चिरमुरे, १५० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळं, १२५ मिली तेल, १२ हिरव्या मिरच्या, एक लसणीचा गड्डा ठेचून, दोन मुठी कढीपत्ता, दीड चमचा हळद, तीन चमचे मीठ, चार चमचे पिठीसाखर. परतीच्या पावसात चिरमुरे सादळलेले असतात, ही पहिली गोष्ट. ते दोन तास कडक उन्हात पातळ पसरायचे, ऊन नसेल तर मोठ्या कढईत थोडे थोडे मंद आचेवर पाच मिनिटं. बोटात दाबल्यावर मऊ न होता 'कट्' असा आवाज आला की झाले. चाळणं, निवडणं, उन्हात राखण, हा आवाज ऐकून तपासणं ही मुलांची कामं. फोडणी तुम्ही करा. मिरची आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळा, त्यातलं पाणी राहिलं तर चौथ्या दिवशी चिवडा मऊ पडतो. मीठ आणि साखर एकत्र मिक्सरला फिरवून घातली तर तळाशी बसत नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. आणि धाकटीला शेंगदाणे काढून किंवा कुटून द्या, अख्खा शेंगदाणा एवढ्या वयात श्वासनळीत अडकतो, त्यात पळता-पळता खाताना जास्तच.

फटाक्यांचं थोडक्यात. सुती कपडे, पायात चप्पल, शेजारी पाण्याची बादली. फुलबाजी सगळ्यात निरुपद्रवी वाटते, पण तिचं टोक हजार अंशांच्या आसपास तापतं आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते. विझलेली तार सरळ बादलीत टाकायची, अंगणात टाकलेल्या तारेवर दुसऱ्याचा पाय पडतो. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून पळवतात, ते मुलांना दाखवाच. पण गाड्यांच्या आवाजानं म्हशी बुजतात आणि वाट सोडून कडेला येतात, म्हणून धाकटीला रस्त्याकडेला खाली उभं करू नका. एखाद्या ओट्यावरून किंवा माडीवरून बघा.

भाऊबीजेला पलीकडच्या मामाकडे जायचं तर परतीचा प्रवास त्याच दिवशी संध्याकाळी ठेवा. त्यांच्या मुलांना अजून आठवडाभर सुट्टी असते, आपल्याला उद्या शाळा. मुलांना हे जाण्याआधी सांगा, निघताना दारात सांगितलं की रडारड होते. मामेभावंडांना चार दिवस आपल्याकडे आणायचं असेल तर दिवाळीनंतर आणा. दसऱ्याच्या सुट्टीत आपण तिकडे जाऊन राहिलो तर त्यांची सहामाही परीक्षा डोक्यावर असते आणि दोन्ही घरांची पंचाईत होते. एखाद्या वर्षी १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, याच दिवसांत येतो. त्या दिवशी शहरात मिरवणुकीची गर्दी रात्री उशिरापर्यंत असते, लहान मुलांबरोबरचा प्रवास आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा.

किल्ला लगेच मोडू नका. तुळशीच्या लग्नापर्यंत गवत टिकतं, पाणी मात्र दिवसाआड. मग एका रविवारी मुलांनीच तो उतरवायचा. मावळे धुऊन डब्यात, बुरूज कागदात गुंडाळून माळ्यावर, विटा एका बाजूला. माती वाळवून, ढेकळं फोडून, गोणीत भरून पडवीत कोरड्या जागी ठेवा, शेणाची माती दुसऱ्या वर्षी आणखी चांगली मळते. दोन घमेली तुळशीच्या कट्ट्याला घाला.